लेकरांना त्यांचा आवाज परत द्या

१८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात एक निबंध दोन भागांत छापून आला. विषय होता मांग-महारांचं दुःख. लिहिणारी होती मुक्ता साळवे, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातल्या शाळेतली अवघ्या चौदा वर्षांची विद्यार्थिनी.

त्या निबंधात मुक्ताने कुणाची री ओढली नाही. वेद आमच्यासाठी नाहीत असं तुम्ही म्हणता, मग आमचा धर्म कोणता, हा प्रश्न तिने थेट देवालाच घातला. इमारतींच्या पायात जिवंत माणसं पुरल्याच्या हकिगती तिने मांडल्या. डोक्यावर छप्पर नसलेल्या आपल्या जातीच्या बायका थंडीपावसात उघड्यावर बाळंत होताना काय सोसतात, हे तिने लिहिलं. मोठमोठ्या पंडितांना जे दिसत नव्हतं किंवा दिसूनही बोलवत नव्हतं, ते एका शाळकरी पोरीने छापील अक्षरांत समाजापुढे ठेवलं. आज पावणेदोनशे वर्षं होत आली, तरी तो निबंध वाचताना अंगावर काटा येतो. तो तिचा आहे, फक्त तिचाच आहे, आणि तो दुसरं कुणीही लिहू शकलं नसतं.

हे बळ त्या मुलीत आलं कुठून? तिच्या बुद्धीतून आलं, भोगण्यातून आलं, हे खरंच. पण एक तारीख लक्षात घ्या. मुक्ताचा निबंध येण्याच्या आदल्याच वर्षी, १८५४ मध्ये, तिच्या शाळेच्या सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ हा संग्रह प्रसिद्ध झाला होता. ज्या बाईने शेणामातीचा मारा झेलत शाळा चालवली, तिने आपलं म्हणणं आधी स्वतः लिहिलं, आपल्या नावाने छापलं. तिच्या शाळेतल्या मुलीला मग लिहिण्याची भीती कशाला वाटेल? जिथे गुरुजनांना स्वतःचा आवाज असतो, तिथेच विद्यार्थ्याला आपला आवाज सापडतो. या लेखात मला सांगायचं आहे ते एवढंच, आणि ते मला आज बनशंकरीत उभं राहून सांगायचं आहे.

बनशंकरी हा बंगळूरच्या दक्षिणेचा गजबजलेला भाग. सहा स्टेजपर्यंत पसरलेली वस्ती, मेट्रोचं स्टेशन, बसस्थानक, भाजीबाजार आणि कनकपुरा रस्त्यावरचं १९१५ सालचं बनशंकरी अम्माचं देऊळ. देवीचं मूळ ठाणं बदामीजवळचं, आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी घराण्यांची ती कुलस्वामिनी. मराठी माणूस या शहरात उपरा नाही. शहाजीराजांना १६३८ च्या सुमारास बंगळूरची जहागीर मिळाली, तेव्हापासून मराठी इथे बोलली जाते आहे. भावसार, नामदेव शिंपी, आरे मराठा, दक्षिणेतले देशस्थ, या सगळ्यांच्या घरांत आपापल्या वळणाची मराठी पिढ्यान् पिढ्या टिकून राहिली. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आयटीच्या निमित्ताने पुण्या-नागपूरहून, कोल्हापूर-नाशिकहून आलेल्या कुटुंबांची त्यात भर पडली.

या घरांतलं मूल किती श्रीमंत आहे पाहा. आजीशी मराठी, रिक्षावाल्याशी कन्नड, शाळेत इंग्रजी, मित्रांशी हिंदी, आणि शेजारी तमिळ-तेलुगू असतील तर तीही कानावर. एवढ्या भाषांमध्ये वाढणारं मूल लिहायला बसतं तेव्हा कागदावर सोन्याची खाण उतरायला हवी. प्रत्यक्षात काय उतरतं?

आमच्या रविवारच्या मराठी वर्गात सातवीतल्या एका मुलीने ‘माझी आजी’ या विषयावर निबंध लिहून आणला. माझी आजी खूप प्रेमळ आहे. तिचे केस कापसासारखे पांढरे आहेत. ती मला रोज रामायणातल्या गोष्टी सांगते. मला माझी आजी फार आवडते. शेजारी बसलेल्या मुलाच्या वहीतही तीच आजी होती, तेच कापसासारखे केस, तेच रामायण. शाळेतल्या इंग्रजी निबंधातही त्या दोघांनी हीच आजी लिहिली होती, फक्त लिपी वेगळी.

मी त्या मुलीची वही मिटून ठेवली आणि तिला विचारलं, “काल तुझी आजी काय करत होती?” मुलगी क्षणभर गप्प राहिली आणि मग बोलायला लागली ती थांबेचना. आजी मंगळवारी राहुकाळात, दुपारी तीन ते साडेचारच्या मधे, देवळात जाते. घरूनच लिंबं नेते. लिंबाचे दोन तुकडे करायचे, रस पिळून काढायचा, साल उलटी करायची की तिची वाटी होते. त्यात तूप आणि वात. आजी म्हणते, “मेल्लगे गं, हात भाजेल.” (मेल्लगे म्हणजे हळू.) नखाजवळ कुठे चिरलेलं असलं की लिंबू झोंबतं, पण आजी कुणाला सांगत नाही, फक्त बोटं पदराला पुसते. आणि रात्री तिने केस विंचरून दिले की डोक्याला लिंबाचा वास राहतो.

सगळे ऐकत राहिले. तिला म्हटलं, “हेच लिही की!” तिने डोळे मोठे करून विचारलं, “हे चालतं? यात कन्नड शब्द आहे. आणि याला मार्क मिळतील?”

मराठी माणसांनो, या दोन प्रश्नांत आपल्या शिक्षणाचा सगळा पराभव भरलेला आहे. आपल्या आजीची झोंबणारी बोटं निबंधात चालत नाहीत, कुणाच्याच नसलेल्या आजीचे कापसासारखे केस मात्र चालतात, हे त्या लेकराला बारा वर्षांच्या आत पक्कं कळलेलं आहे. ते तिला कुणी शिकवलं? आपण सगळ्यांनी मिळून शिकवलं. शाळेत फळ्यावर निबंध लिहून दिला जातो आणि तो वहीत जसाच्या तसा उतरवला की पूर्ण गुण मिळतात. बाजारात गाइडं मिळतात, त्यांत पावसाळ्यातला दिवस आणि मी पंतप्रधान झालो तर हे निबंध वर्षानुवर्षं तेच असतात. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री दहाला निरोप येतो, कुणाकडे झाडांचे महत्त्व आहे का, उद्या द्यायचाय. पाच मिनिटांत तो येतो आणि सकाळी वर्गातल्या दहा वह्यांमधून बाहेर पडतो.

त्यात आता यंत्राची भर पडली आहे. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं आणि गाइडाचीही गरज उरली नाही. विषय सांगा, शब्दसंख्या सांगा, निबंध हजर. व्याकरण बिनचूक, सुरुवात-मध्य-शेवट व्यवस्थित. ज्या निबंधासाठी आपण मुलांना दहा वर्षं घोटत होतो, तो निबंध यंत्र क्षणात लिहून टाकतं. तेव्हा आता तरी ओळखा की तो निबंध शिकवण्यात आपण वेळ वाया घालवला. त्या मुलीच्या आजीची नखाजवळची चीर कुठल्याही यंत्राला ठाऊक नाही. ती फक्त त्या मुलीला ठाऊक आहे. उद्याच्या जगात मोल असेल ते त्या ठाऊक असण्याला आणि ते नेमकं मांडता येण्याला.

यात एकट्या शिक्षकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं अन्यायाचं होईल. शिक्षकाचाच आवाज आधी काढून घेतला गेला आहे. पोर्शन संपवा, युनिट टेस्टचे पेपर तपासा, प्रकाशकाने पाठवलेल्या स्लाइड भिंतीवर दाखवा, नोंदी भरा, फोटो अपलोड करा. वर्गात चाळीस-पन्नास मुलं. अशा ठिकाणी पाठ्यपुस्तकातल्या कवितेबद्दल स्वतःला काय वाटतं, हे बाईंनी सांगायचं कधी? ज्या शिक्षकाला वर्षभरात एकदाही, “मला हा धडा पटला नाही, तुम्हाला काय वाटतं?” असं म्हणायची मोकळीक नाही, त्याच्या वर्गातल्या मुलांनी स्वतंत्र विचार लिहावा अशी अपेक्षा कुठल्या तोंडाने करायची? मुलं शिक्षकाच्या शब्दांपेक्षा त्याच्या स्वराकडे जास्त लक्ष देतात. हे बाईंना मनापासून वाटतंय की त्या नुसतं वाचून दाखवतायत, हे पहिलीतल्या पोरालाही कळतं. म्हणून मुलांच्या आवाजाची लढाई शिक्षकाच्या स्वातंत्र्यापासून सुरू होते.

ज्या भूमीवर आपण राहतो, तिच्याकडेच जरा पाहा. कन्नडचे महाकवी कुवेंपु विद्यार्थिदशेत इंग्रजीत कविता करायचे. १९२२ साली त्यांचा इंग्रजी कवितांचा छोटा संग्रहही निघाला होता. पुढे म्हैसूरला आलेल्या जेम्स कझिन्स या आयरिश कवीला त्यांनी त्या कविता दाखवल्या. कझिन्स यांनी त्यांना स्वतःच्या भाषेत लिहिण्याचा सल्ला दिला. तरुण कवीला तेव्हा ते रुचलं नाही. पण तो सल्ला त्यांनी मानला, आणि कन्नडला ‘श्री रामायण दर्शनम्’ मिळालं, १९६७ चं ज्ञानपीठ मिळालं. एका जाणत्या माणसाने एका विद्यार्थ्याला योग्य वेळी योग्य सल्ला दिला, त्याचं हे फळ.

बनशंकरीला लागून असलेल्या जे. पी. नगरात गिरीश कर्नाड राहत होते. जन्म माथेरानचा, घरची भाषा कोकणी, लहानपणीचं शिक्षण मराठीत, वाढ शिरसी-धारवाडची. तरुणपणी त्यांना इंग्रजी कवी व्हायचं होतं आणि ते ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला निघाले होते. पण निघण्याआधी मनात घालमेल सुरू झाली तेव्हा हातून उतरलं ते नाटक, आणि तेही कन्नडमध्ये. ते ‘ययाती’. माणसाचं खरं दुखणं ज्या भाषेत साठलेलं असतं, तिथूनच त्याचा आवाज येतो. धारवाडचे द. रा. बेंद्रे घरात मराठी बोलत आणि कन्नडचे वरकवी झाले. तेव्हा घरची भाषा आणि लिहिण्याची भाषा एकच असली पाहिजे, असा माझा हट्ट नाही. बनशंकरीतल्या मुलाने मराठीत लिहावं, कन्नडात लिहावं, इंग्रजीत लिहावं. त्यात मात्र त्याचं घर, त्याचा रस्ता, त्याचा राग, त्याचा प्रश्न दिसला पाहिजे. स्वतःच्या आवाजात मराठी लिहिणाऱ्या मुलाचं इंग्रजीही सुधारतं, कारण मग त्याच्याकडे सांगायला काहीतरी असतं.

इथे शुद्धलेखनाचा मुद्दा हमखास पुढे येतो. मुलाने मनाला येईल तसं लिहिलं तर भाषा बिघडणार नाही का? या शंकेला बहिणाबाई चौधरींनी कधीच उत्तर देऊन ठेवलं आहे. जळगावजवळच्या आसोद्याची ही बाई शाळेत गेली नाही, तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. घरकाम आणि शेतकाम करता करता ती गाणी रचत गेली आणि सोपानदेवांनी, तिच्या मुलाने, ती उतरवून ठेवली. ती गेल्यावर १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने ती प्रसिद्ध झाली तेव्हा सगळा महाराष्ट्र थक्क झाला. कल्पना करा, त्या गाण्यांवर कुणी लाल पेन चालवलं असतं, खानदेशी रूपं खोडून प्रमाण भाषेतली घातली असती, तर काय उरलं असतं? शुद्धलेखन शिकवायचंच आहे. ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हं, परिच्छेद, सगळं शिकवायचं. पण दुसऱ्या वाचनाच्या वेळी. पहिलं वाचन मूल काय सांगतंय ते ऐकण्यासाठी असतं. मुलाच्या वहीवर पहिली खूण चुकीच्या वेलांटीभोवतीच्या लाल वर्तुळाची असेल, तर दुसऱ्या दिवशी ते मूल आपला अनुभव लिहिणार नाही. ज्यात वेलांट्या चुकत नाहीत अशी फळ्यावरची वाक्यं तेवढी उतरवेल. भावसारांच्या घरातला शब्द असो, तंजावरी मराठीचं वळण असो, की मधेच आलेलं ‘मेल्लगे’, त्या शब्दाशेजारी विचारा, “याचा अर्थ घरी कसा सांगतात? वाचणाऱ्याला कळेल असं लिही.” त्यातून भाषा वाढते.

आवाज म्हणजे बेशिस्त, असंही कुणी समजू नये. इटलीत फ्लॉरेन्सजवळच्या बार्बियाना या डोंगराळ वस्तीत लोरेन्झो मिलानी नावाच्या पाद्र्याने शाळेने नापास केलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवलं. त्या मुलांपैकी आठ जणांनी मिळून आपल्याला नापास करणाऱ्या बाईंना एक पत्र लिहिलं आणि १९६७ साली त्याचं पुस्तक झालं. ते त्यांनी एका बैठकीत खरडलं नाही. सुचेल ते चिठ्ठ्यांवर लिहायचं, चिठ्ठ्या लावायच्या, पुन्हा पुन्हा वाचायच्या, अनावश्यक शब्द काढून टाकायचे, आकडे तपासायचे. आपलं म्हणणं नेमकं करण्यासाठी केलेले कष्ट म्हणजेच लेखन. स्वतःचं म्हणणं असलेलं मूल असे कष्ट आनंदाने करतं.

आणि आपल्याकडे साने गुरुजी होते! अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ पासून शिकवताना ते छात्रालयातल्या मुलांसाठी स्वतःच्या हाताने दैनिक लिहून काढत. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केलं. त्या मुलांना सकाळी उठल्यावर पहिली गोष्ट दिसायची ती आपल्या गुरुजींचं ताजं अक्षर, आदल्या दिवसाच्या घडामोडी आणि त्यावर गुरुजींना काय वाटलं ते. असा शिक्षक मिळालेल्या मुलांना लेखन शिकवावं लागत नाही, त्यांना त्याची लागण होते. लीलाताई पाटलांनी १९८५ साली कोल्हापुरात ‘सृजन आनंद विद्यालय’ सुरू केलं, तिथेही मुलांच्या स्वतःच्या अनुभवाला आणि प्रश्नांना शिक्षणात मान होता. वाट नवी नाही. तिच्यावरून चालणारे कमी झाले आहेत, एवढंच.

म्हणून बनशंकरीतल्या, जयनगरातल्या, बसवनगुडीतल्या, बंगळूरभरच्या मराठी माणसांना आणि महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांनाही माझं कळकळीचं आवाहन आहे. पदर खोचा, बाह्या सरसावा.

शिक्षकांनो, फळ्यावर निबंध लिहून देणं आजपासून बंद करा. आठवड्यातला एक तास मुलांच्या मोकळ्या लेखनासाठी राखा आणि त्या तासाला तुम्हीही मुलांसोबत बसून लिहा. तुमचं लिहिलेलं आधी वाचून दाखवा, खाडाखोडीसकट. मुलांना कळू द्या की मोठी माणसंसुद्धा शब्द शोधत चाचपडतात. मग मुलांना त्यांचं मोठ्याने वाचू द्या. कानाला जिथे वाक्य अडखळतं तिथे कागदावरही ते अडखळलेलं असतं. ते दुरुस्त करायला मूल स्वतःच शिकेल. विषय देताना ‘पाऊस’ देऊ नका. “परवा पाण्यात अडकलात तेव्हा तुमच्या बसमध्ये कोण काय म्हणालं?” हा विषय द्या. गाइडात ज्याचं उत्तर सापडत नाही तोच निबंधाचा खरा विषय.

मुख्याध्यापकांनो, संस्थाचालकांनो, तुमच्या शिक्षकांवर भरवसा टाका. पोर्शनमधले दोन धडे मागे राहिले तर आभाळ कोसळणार नाही. वर्गातून विचार करणारी मुलं बाहेर पडली नाहीत, तर मात्र फार मोठं नुकसान आहे. गुण देताना तयार वाक्यांचे गुण कमी करा आणि स्वतः पाहिलेल्या एका तपशिलाला गुण द्या. गुणांची वाट बदलली की मुलं आणि पालक आपोआप त्या वाटेने वळतील.

पालकांनो, ग्रुपवर निबंध मागू नका आणि देऊही नका. मुलाला यंत्राकडून निबंध लिहून घेऊ देऊ नका. ते त्याच्यावर दया दाखवणं नाही, त्याच्या बुद्धीवर टाकलेला अविश्वास आहे. त्याऐवजी जेवताना त्याला विचारा, आज तुला कशाचा राग आला, कशाचं हसू आलं? आणि ऐका. फोन बाजूला ठेवून, मधे न तोडता, पूर्ण ऐका. ज्या घरात मुलाचं बोलणं कुणी ऐकत नाही, त्या घरातलं मूल लिहीत नाही. आजी-आजोबांनो, तुमची मराठी जशी आहे तशीच बोला. ती मोडकी आहे असं नातवंडांसमोर म्हणू नका, कारण त्यांच्या लेखनातलं पहिलं धन तुमच्याकडूनच येणार आहे.

मंडळांनो, गणेशोत्सवात वक्तृत्व स्पर्धा घेता, पाठ केलेली भाषणं ऐकून बक्षिसं वाटता. यंदा मुलांचं हस्तलिखित काढा. प्रत्येक मुलाचं एक पान, त्याच्या हातचं, त्याच्या घराबद्दलचं, त्याच्या गल्लीबद्दलचं. त्यात मराठीशेजारी कन्नड आणि इंग्रजीही येऊ द्या. मंडपात ते सगळ्यांना वाचता येईल असं लावा आणि ज्यांनी लिहिलं त्यांना ते वाचायला व्यासपीठ द्या. शेजारच्या कन्नड कुटुंबांनाही बोलवा. मुलांच्या आवाजाला राज्याच्या सीमा नसतात.

आणि मुलांनो, हे वाचत असाल तर तुम्हालाही सांगतो. तुमच्याकडे कोणत्याच पुस्तकात नसलेली माहिती आहे. तुमच्या गल्लीतलं झाड कुणी तोडलं, आई ऑफिसातून आल्यावर आधी कुठे बसते, वर्गात कुणाला खेळायला घेत नाहीत आणि का, हे फक्त तुम्हीच सांगू शकता. चौदा वर्षांच्या मुलीने एकेकाळी सगळ्या समाजाला प्रश्न विचारला होता. तुम्हालाही प्रश्न पडतात. ते गिळू नका. कागदावर आणा. कुणी “हे चालत नाही” म्हणालं, तर त्यांना नम्रपणे आणि ठामपणे विचारा, का चालत नाही?

या रविवारपासून सुरुवात करा. दहा मुलं, एक शिक्षक, एक तास आणि कोऱ्या वह्या एवढं जमवायला ना सरकारी परवानगी लागते, ना देणगी, ना इमारत. एका घरातला हॉल पुरेसा आहे. बनशंकरीत असे दहा हॉल उभे राहिले तर पुढच्या गणेशोत्सवापर्यंत शंभर मुलं आपापल्या आवाजात लिहीत असतील, आणि त्या शंभर वह्यांतल्या आज्या शंभर वेगवेगळ्या असतील. ते काम तुमचं-माझं आहे, आणि ते आत्ताच करायचं आहे.